वसंता, तू पाहुण्यांकडूनच होता

साल १९७४. मी वीस वर्षांचा, तू एकवीसचा. त्या एका वर्षाच्या मोठेपणाचा रुबाब तू मले जन्मभर दाखवला, आणि आता त्याच्याच जोरावर लाइन तोडून पुढे निघून गेला. गेला तर गेला. पण भांडण अर्धवट टाकून उठून जाणं, ही कोणत्या घरची रीत आहे बे वसंता?

मराठी मंडळाचे लोक आले होते. म्हणाले, नामदेवराव, वसंतरावांवर चार चांगले शब्द लिहून द्या, स्मरणिकेत छापू. मी चौथी शिकलेला माणूस, रायपूरजवळ सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंड ठोकता ठोकता म्हातारा झालो. तुझ्याबद्दल चांगलं मी कधी बोललो नाही, तुझ्या तोंडावर नाही अन् पाठीमागेही नाही. आता मेला म्हणून सुरू करू का? म्हणून मी तुलेच लिहून राहिलो. छापायचं असन तर छापतील. माझी भाषा सुधारायची नाही, एवढं त्यांले सांगून ठेवलं आहे.

तर, १९७४ ची थंडी. आपल्या मोहल्ल्यात, बूढ़ापाऱ्यात बातमी आली की नागपूरची टीम रायपूरले फुटबॉल खेळाले येऊन राहिली. आपल्या मराठी घरांत फुटबॉल कोणाले माहीत होता? तुले नाही, मले नाही. तुझ्या अण्णांले तर बिलकुल नाही. त्यांच्या कानावर दोनच शब्द पडले, नागपूर आणि येऊन राहिले. नागपूरहून येऊन राहिले म्हणजे आपली माणसं. आपली माणसं दारात येऊन उपाशी परत गेली असं भोसल्यांच्या काळापासून या घरात झालं नाही, म्हणाले, आणि सकाळपासून चुलीवर पुरण चढलं.

डबा केवढा होता आठवते? पितळेचा, कडीचा. वर वाटीभर तुपाचा वेगळा तांब्या. सायकल मी धरली, कॅरिअरवर डबा, आणि तू मागून डब्यावर हात ठेवून चाललेला, जशी काही वरात. पुढे अण्णा काळ्या टोपीत, सोबत पाऱ्यातले चार-पाच म्हातारे धोतर सावरत. मैदानावर गर्दी लाकडी बल्ल्यांच्या गॅलरीवर चढून बसली होती आणि आपली ही फौज दोरीपाशी उभी. अण्णांनी पहिल्यांदा ते खेळाडू पाहिले आणि म्हणाले, "एवढे मोठे बाप्पे, अन् चड्डीवर?"

मग बॉलले पहिली लाथ बसली. तो आवाज मी त्याच्या आधी कधी ऐकला नव्हता. ओल्या कातड्यावर काठी मारल्यासारखा, पण पोटात लागणारा. तू माझा दंड धरला होता. किती जोरात धरला होता हे तुले माहीत नसन, कारण तुझे डोळे तिकडे होते. पुढचे सारे दिवस आपले तिकडेच गेले.

हाफटाइम झाला. अण्णांले वाटलं खेळ संपला. दोरीखालून वाकून सरळ मैदानात घुसले, मागून म्हातारे, मागून डबा घेऊन आपण दोघं. नागपूरच्या कप्तानासमोर उभे राहून शुद्ध मराठीत विचारते अण्णा, "प्रवास कसा झाला? उतरले कुठे? घरी काहून नाही आले?" तो उंच, काळासावळा माणूस घामानं निथळून राहिला. अण्णांकडे पाहून हात जोडले आणि म्हणे, "चाचाजी, पानी मिलेगा?"

हैदराबादचा निघाला तो. त्याच्या बाजूचे दोघं बंगालचे. एक केरळचा. साऱ्या टीममध्ये मराठी बोलणारा एक नाही! नोकरीसाठी नागपुरात आलेले सारे. म्हाताऱ्यांचे चेहरे पडले. पण अण्णा? अण्णांनी एक घडी विचार केला आणि म्हणाले, "पगार नागपूरचा आहे ना? मग आपलेच झाले. वाढा रे."

तुझं सारं तत्त्वज्ञान तिथून आलं, वसंता. बापाकडून. मी तर म्हणतो अक्कलही तिथूनच आली, जेवढी आली तेवढी.

त्या खेळाडूंनी काय केलं? मान ठेवून एकेक तुकडा मोडला. कप्तानानं पोळी रुमालात बांधली, म्हणे मॅच के बाद. शहाणे होते, खेळताना खात नाही कोणी. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला. आणि तिकडे दुसऱ्या बाजूले रायपूरचा गोलकीपर खांबाले पाठ टेकून एकटा बसला होता. आपल्याकडेच पाहून राहिला होता तो, आपल्याकडे म्हणजे डब्याकडे. मी तुले म्हटलं, चाल, त्याले देऊ. तू म्हणे, "त्याले काहून? तो दुश्मन आहे." मी डबा उचलला आणि एकटा गेलो. तो पोट्टा माझ्याकडे पाहून काय म्हणे, "दादा, पुरणपोळी का? माझी आई अकोल्याची आहे. इकडे आल्यापासून खाल्ली नाही."

आता सांग. साऱ्या मैदानात खेळणाऱ्यांपैकी मराठी एक, आणि तो रायपूरचा. मी काय करायले पाहिजे होतं? वाढल्या त्याले. तूपही वाढलं. तो नाही म्हणाला नाही, मी थांबलो नाही.

दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला. बॉल काही फार जोरात नव्हता आला, हे मी मान्य करतो. अकोल्याच्या आईचा पोट्टा वाकला, पण जरा निवांत वाकला. बॉल त्याच्या बाजूनं आत गेला. नागपूर जिंकलं. गॅलरीतून एकजण ओरडला, "ए मराठी मन हमर गोलकीपर ला खवा-खवा के सुता दिन!" खाऊ घालून घालून गोलकीपर झोपवला म्हणे मराठी लोकांनी, अन् साऱ्या गॅलरीनं आपल्याकडे पाहिलं. अण्णांची मात्र छाती फुगली. घरी येऊन तुझ्या आईले सांगते, "बॉलले पाय न लावता आज आपण मॅच जिंकवली."

आणि तू. सायकलपाशी उभा राहून तू मले पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, जे मग पन्नास वर्षं म्हटलं. "नाम्या, रायपूरले तूच हरवलं."

मी जन्मभर म्हटलं आणि आताही लिहून देतो. तो गोल पोळीनं नाही झाला. त्यांचा माणूस ऑफसाइड होता. तू म्हणायचा, "तुले त्या दिवशी ऑफसाइड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं." नव्हतं माहीत. मग? मले माहीत नव्हतं म्हणून तो ऑफसाइड नव्हता का? या प्रश्नाचं उत्तर तू कधी दिलं नाही. आताही नाही देणार, चलाख आहेस.

त्या दिवसापासून मी रायपूरचा. बूढ़ा तालाबात पोहायले शिकलो, त्याच पाण्यानं वाढलो, दुसऱ्या कोणाच्या नावानं ओरडू? आणि तू नागपूरचा, जिथं तू जन्मभरात लग्नं अन् मयती सोडून गेला नाही. तिथल्या गल्ल्या तुले माहीत नाहीत, तिथं तुझं घर नाही. नागपूर नसन खेळत तर बिलासपूरचा, जबलपूरचा, जो बाहेरून येईन त्याचा. एकदा भिलाईवाले आले होते. मी म्हटलं, "अबे, हे तर शेजारचे आहेत." तू म्हणे, "बसमध्ये बसून आले ना? मग पाहुणे."

त्याच्यानंतर आपण एका जागी उभं राहून मॅच कधी पाहिली नाही. लोकांले वाटे आपलं बोलणं बंद आहे. मी रायपूरच्या गोलमागे, तू पाहुण्यांच्या गोलमागे, आणि मध्ये सारं मैदान. हाफटाइमले टीमा बाजू बदलत, मग आपणही बदलायचो. मी इकडून निघायचो, तू तिकडून, आणि बाहेरच्या कडेनं चालत चालत मधल्या रेघेपाशी गाठ पडायची. तिथं थांबायचं नाही असा कायदा होता. चालता चालता एक टोमणा तुझा, एक माझा, आणि पुढे. "काय नाम्या, आज कोणाले जेवू घातलं?" "तुझ्या कप्तानाले विचार, रुमालात बांधून नेलं." बस. तरुणपणी चार पावलांत ओलांडून जायचो एकमेकाले. मग तुझा गुडघा गेला, माझी कंबर गेली, आणि तो रस्ता लांब झाला. शेवटी शेवटी तर रेफरीची शिट्टी वाजून खेळ सुरू व्हायचा आणि आपण दोघं म्हातारे अजून रस्त्यातच. तरी थांबलो नाही. टोमणाही चुकवला नाही.

मी एकदा चिडून विचारलं होतं तुले, शंकर नगरात तुझ्या पोराच्या, प्रशांतच्या घरी. तो तेव्हा नवीन साहेब झाला होता, तुम्ही तिकडे राहायले गेला होता. सुमनवहिनींनी चहा ठेवला होता. मी म्हटलं, ज्या गावचं खातो त्या गावाच्या विरुद्ध ओरडाले तुले लाज नाही वाटत? तू बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणे, "रायपूरवाल्यांकडून ओरडाले अख्खी गॅलरी आहे. पाहुण्यांचा गोलकीपर पोट्टा परक्या गावात खांबांमध्ये एकटा उभा राहते. त्याच्याकडून एक माणूस नको का?" मग म्हणे, "आपले लोक इथं आले तेव्हा कोणी टाळी वाजवली असन आपल्यासाठी?"

मी म्हटलं, "आपले लोक भाला घेऊन घोड्यावर आले होते बे. टाळी कोण वाजवन?"

वहिनी आतून हसल्या. तू नाही हसला. "आपले नाही," म्हणे. "माझे घोड्यावर आले. तुझे घोडा धरून आले." दोन महिने मी तुझ्या घरी पाय ठेवला नाही. आणि ते पाहुण्यांचं तू जे म्हटलं, त्याचं उत्तर द्यायचं त्या भांडणात राहूनच गेलं. मले उत्तर सुचलं नव्हतं, असं समजू नको. सुचन. वेळ लागून राहिला, एवढंच.

एक गोष्ट मात्र तुले सांगायची राहिली. तू जिवंत असता तर आताही नसती सांगितली.

माझा पाय मोडला होता तो मोसम. प्लास्टर घालून घरी पडलो होतो आणि नागपूर खेळाले आलं होतं. संध्याकाळी तू आला, कपड्यावर सारी धूळ. खुर्ची ओढून बसला आणि एकेक पास सांगितला मले. कोण कुठून धावला, कोणी कोणाले पाडलं. सांगता सांगता मले वाटलं, हा रायपूरच्या गोलकीपरचं एवढं बारीक कसं सांगून राहिला? तो कोणत्या पायावर वजन टाकते, खांबाले हात लावून काय पुटपुटते. हे दुसऱ्या टोकाहून दिसत नाही. मी विचारलं, "तू कुठं उभा होता?" तू म्हणे, "तुझी जागा खाली होती. कुत्रे बसून राहिले होते तिथं." दोन्ही हाफ तू माझ्या जागी उभा राहिला. समोर नागपूर खेळून राहिलं, आणि तू रायपूरच्या गोलमागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या वाट्याच्या.

मी तुले काय म्हटलं? "गद्दार" म्हटलं. तू खुश होऊन गेला घरी.

आभार मानायची आपल्यात सवय नव्हती, आणि मी आता लावून घेणार नाही. पण ती गोष्ट मी विसरलो नाही, एवढं तू लक्षात ठेव.

तू गेला त्याच्या पुढच्या रविवारी मॅच होती. घरचे म्हणाले, लोक काय म्हणतील, सोबत्याले जाऊन चार दिवस नाही झाले. नातीनं तर हिंदीत सुनावलं, "आजोबा, थोड़ी तो शर्म करो." मी चप्पल घातली. वसंता मेल्यावर मी मॅच चुकवली असं कोणी म्हटलं असतं तर तू चितेवरून उठून हसला असता. गेलो. पहिला हाफ रायपूरच्या गोलमागे काढला. हाफटाइमले निघालो, कडेनं, नेहमीच्या रस्त्यानं. मधल्या रेघेपाशी आलो. समोरून कोणी नव्हतं. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं पडलेलं होतं. मी थांबलो नाही. कायदा तो कायदा. तुले एक शिवी दिली, चांगली मोठ्यानं, आणि पुढे गेलो. लाइनमन वळून पाहून राहिला. पाहू दे.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो.

परवा मैदानाच्या कमेटीनं तुझी सभा ठेवली. फोटोले हार, पंखा, समोसे. सेक्रेटरी तिवारी भैया उभे झाले. माणूस वाईट नाही, पण माइक हातात आला की वाहवत जाते. म्हणे, वसंतरावजी रायपूर फुटबॉल के सबसे वफादार दर्शक थे. रायपूरच्या टीमसाठी पन्नास वर्षं उन्हात उभे राहिले. त्यांच्या नावानं दर वर्षी आपल्या टुर्नामेंटमध्ये कप देऊ, रायपूरच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूले. टाळ्या पडल्या. प्रशांतनं डोळे पुसले. मी उभा झालो.

मी म्हटलं, "झूठ है."

तिवारी मले छत्तीसगढ़ी ढंगानं कका म्हणते. म्हणे, "कका, बैठ जाओ. सबको दुख है."

"दुःख आहे म्हणून खोटं बोलाल का? हा माणूस रायपूरकडून नव्हता. बाहेरून येईन त्याच्याकडून होता. मैदानावर साऱ्यांनी पाहिलं आहे."

मागून एकजण म्हणे, मी त्यांले रायपूरच्या गोलमागे टाळ्या वाजवताना पाहिलं आहे, नागपूरच्या मॅचले. मी म्हटलं, "ती माझी टाळी होती. त्याच्या हातानं वाजली." त्याले काही समजलं नाही. समजायची गरजही नव्हती.

प्रशांत माझ्यापाशी आला, हळूच खांद्यावर हात ठेवला. "काका, छोड़िए ना. पापा का नाम रह जाएगा. क्या फर्क पड़ता है किस टीम के थे?"

वसंता, तुझ्या पोट्ट्यावर हात उगारावा वाटला मले, पण तुझ्यासारखाच दिसते तो, आणि त्या दिवशी दाढीही केली नव्हती त्यानं. मी म्हटलं, "बाबू, फर्क पडते. पन्नास वर्षं हा माझ्या विरुद्ध उभा राहिला. आता तो बोलू शकत नाही, म्हणून तुम्ही त्याले उचलून माझ्या टीममध्ये टाकून राहिले. मले नको आहे तो माझ्या टीममध्ये! कप द्यायचा तर द्या. पण पाहुण्या टीमच्या पोट्ट्याले द्या. जो बस पकडून आला, ज्याच्यासाठी गॅलरीत कोणी नाही, त्याले. दर वर्षी त्यालेच. रायपूरच्या पोट्ट्याले वसंताचा कप कधी मिळता कामा नये."

सारे हसले. तिवारी म्हणे, "कका, घर का टुर्नामेंट, घर का कप, और देंगे बाहर वाले को? लोग जूता मारेंगे हमको."

"मारू दे. अण्णांच्या वेळी गॅलरी आपल्यावर ओरडलीच होती."

"प्रस्ताव पास हो चुका है, कका."

"मी हात वर केला नाही."

"आप मेंबर नहीं हो."

हे खरं होतं. मी कोणत्याच कमेटीचा मेंबर नाही. मी बसलो नाही आणि समोसाही खाल्ला नाही. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मी बाहेर निघालो तेव्हा पदर सावरत दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, यांनी मले साखरपुड्यात सांगितलं होतं, मी हरणाऱ्यांकडून असतो, तुले चालन का?" मी विचारलं, तुम्ही काय म्हटलं? म्हणाल्या, "मले वाटलं, नोकरीबद्दल बोलून राहिले."

मग हसल्या. मग रडल्या. मी काय करू? उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी तिवारीच्या घरी गेलो. दार बंद होतं. पायरीवर बसलो. दूधवाला आला, पेपरवाला आला, मले ओलांडून गेले. मग तिवारी बाहेर आला, बनियानवर, तोंडात ब्रश. मले पाहून तसाच उभा राहिला.

"कका? इतना सुबह?"

"पाहुण्याले देता का कप?"

"अरे कका, मैंने कहा न, पास हो गया."

"मग नापास करा."

त्यानं आत जाऊन चूळ भरली, शर्ट घातला आणि प्रशांतले फोन लावला. मले ऐकू येऊन राहिलं होतं. तुमच्या काकांले घेऊन जा म्हणे. थोड्या वेळानं तुझा पोट्टा स्कूटर घेऊन आला. स्टँडवर लावली, माझ्याकडे पाहिलं, तिवारीकडे पाहिलं. मले वाटलं आता हा माझा हात धरून उठवते. मी पायरीजवळच्या खांबाले धरून ठेवलं होतं.

तो म्हणे, "काका, पापा सच में रायपूर के गोल पे कभी ताली नहीं बजाए?"

मी म्हटलं, "स्वतःच्या मर्जीनं कधीच नाही."

मग तो जाऊन स्कूटरवर टेकून उभा राहिला, पण घरी चला म्हणाला नाही. तिवारीनं कपाळाले हात लावला. "कका, कब तक बैठोगे?"

मी म्हटलं, चहा सांग. आणि चपला काढून पायरीवर नीट मांडी घातली.